अल्पशा आजारानं गेले म्हणजे नेमकं कशानं गेले?

आमच्या घरी पेपर आला की आजोबा आधी निधन वार्ता वाचायचे, मग बाजारभाव, मग बाकीचं जग. त्यांच्यामुळं ती खोड मलाही लागली. वाचून वाचून एक गोष्ट ध्यानात आली की आमच्या मराठवाड्यात माणूस फक्त चारच कारणांनी जातो. अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, वृद्धापकाळाने, नाहीतर हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने. अपघातात गेलेला तिथं येत नाही, त्याची बातमी वेगळ्या पानावर फोटोसकट येते. तिकडं जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांना दिलेले कोड हजारोंनी आहेत आणि आपलं मात्र चारात भागतं.

हे आठवायचं कारण, मागच्या पावसाळ्यात एका मातीला गेलतो. परभणी जिल्ह्यातलं गाव, नाव राहू द्या. लांबच्या नात्यातल्या काकू, वय एकसष्ट. माती झाली, माणसं हातपाय धुऊन लिंबाखाली टेकली आणि नेहमीचा प्रश्न निघाला, कशानं गेल्या हो?

"ॲटॅकनं," एक जण म्हणला. "पहाटं दम लागला, दवाखान्यात नेस्तोवर रस्त्यातच खेळ खलास."

"ॲटॅक कशाचा बापू, किडन्या गेलत्या त्यांच्या. वर्ष झालं डायलिसिस चालू होतं."

तिसरे एक मामा होते, ते म्हणले, "किडन्या काय उगंच जात्यात का? शुगर होती पंधरा वर्षांपासून. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही."

काकूंचा धाकटा बराच वेळ खाली मान घालून बसलेला, तो बारीक आवाजात म्हणला, "गेल्या हप्त्यात दोन टायमाला नेताच नाही आलं. वढ्याला पाणी होतं."

चौघंही खरंच बोलत होते. पण माझा मावसभाऊ तिथला ग्रामसेवक (आता पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून कोणी म्हणत नाही), तो मला बाजूला घेऊन म्हणला, "मला रकान्यात एकच कारण लिहायचंय, ह्यातलं कोणतं लिहू सांग." मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला माहीतच नव्हतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की जगात माणसं कशानं मरतात हा सगळा अभ्यास ह्या एका रकान्यावर उभा आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहायलोय.

तर आधी तो रकाना. कोणीही मेलं तरी शेवटी काळीज बंद पडतंच, मग ते साप चावून असो की कॅन्सरनं. म्हणून कारणाच्या जागी "हृदयक्रिया बंद पडल्याने" असं लिहिणं म्हणजे गाडी का थांबली तर चाकं फिरायची थांबली म्हणून, असं सांगण्यासारखं आहे. खोटं नाही, पण कामाचंही नाही. डॉक्टर जो फॉर्म भरतात (दवाखान्यात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला तर ४ अ) त्यात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत शेवटी काय झालं ते, तिच्याखाली ते कशामुळं झालं, आणि तिच्याखाली तेही कशामुळं झालं. असं मागं मागं जात सगळ्यात खालच्या ओळीवर जे येतं, म्हणजे जिथून ही साखळी सुरू झाली, तेच "मूळ कारण" धरतात आणि जगाच्या हिशोबात तेवढंच मोजतात. काकूंचं बघा, वरच्या ओळीत फुफ्फुसात पाणी साचलं, त्याखाली किडनी निकामी, आणि तळाला मधुमेह. लिंबाखालच्या मामांनी कोणता फॉर्म न बघता बरोबर तळाची ओळ सांगितली होती, मला त्या माणसाचं आजही कौतुक वाटतं.

मृत्यूची कारणं मोजायची पद्धत जुनी आहे. १६६२ मध्ये लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृतांच्या याद्या गोळा करून पहिल्यांदा हिशोब मांडला की कोण कशानं मरतंय. त्या याद्यांत "दात" हेही एक कारण असायचं, म्हणजे दात येण्याच्या वयातली लेकरं, आणि "घाबरून" असंही एक असायचं. हसू येतं, पण आपलं "अल्पशा आजाराने" त्याच्या फार पुढं गेलंय असं मला वाटत नाही. पुढं १८९३ मध्ये झाक बर्तियों ह्या फ्रेंच माणसानं सगळ्या देशांना चालेल अशी कारणांची एक यादी मांडली, तीच सुधारत सुधारत आज तिची अकरावी आवृत्ती वापरात आहे.

आता जगाचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणं २०२१ मध्ये जगात ६ कोटी ८० लाख माणसं गेली. पहिल्या नंबरला हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा आजार, म्हणजे आपण ज्याला ॲटॅक म्हणतो त्याचं मूळ, त्यानं ९१ लाख. दुसऱ्या नंबरला त्या वर्षी कोविड, ८८ लाख. ते वर्षच तसं होतं, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ऑक्सिजनसाठी काय पळापळ झाली ते कोणाला सांगायची गरज नाही. कोविड बाजूला ठेवला तर दुसरा नंबर स्ट्रोकचा, शंभरातले दहा. मग धापेचा आजार ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, शंभरातले पाच. मग निमोनियासारखे छातीचे संसर्ग, २५ लाख. मग फुफ्फुसाचा कॅन्सर १९ लाख, स्मृतिभ्रंश १८ लाख, मधुमेह १६ लाख, मग किडनी आणि दहाव्या नंबरला टीबी. ह्या दहा कारणांनीच निम्म्याहून जास्त म्हणजे शंभरातले ५७ मृत्यू होतात.

९१ लाख हा आकडा वाचून काही होत नाही, मलाही झालं नव्हतं. मग असं करून बघितलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली, पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. साधारण दहा हजार माणसं गेली. आमच्याकडं आजही कोणाचं वय विचारलं तर किल्लारीच्या आधीचा का नंतरचा असा हिशोब निघतो. आता ९१ लाखाला ३६५ नं भागा, दिवसाला पंचवीस हजार येतात. म्हणजे जगात एकट्या हृदयविकारानं रोज अडीच किल्लारी होतात, काल झाल्या, आज चालूच आहेत, पण कोणतं घर पडत नाही, मिलिटरी येत नाही, ढिगाऱ्याचा फोटो नसतो. एकेका घरात एकेक माणूस जातो आणि पेपरात दोन ओळी येतात. आपल्याला भीती कशाची वाटते आणि आपण जातो कशानं, ह्या दोन याद्या कधी जुळतच नाहीत. विमान पडल्याची बातमी आठवडाभर चालते, आणि जगात वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर जातात ती आतल्या पानात. ५ ते २९ ह्या वयात जगात सगळ्यात जास्त जीव घेणारी गोष्ट कोणता आजार नाही, रस्ता आहे. भारतात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रात्रीचं कधी बीड रोडला गाडी चालवली असेल, पुढं दिवे नसलेली ट्रॉली अचानक दिसली असेल, तर ह्या आकड्यावर जास्त बोलायची गरज नाही.

इथं एक शंका नेहमी निघते आणि ती बरोबर आहे. पूर्वी कुठं होते एवढे ॲटॅक आणि शुगर? आमचे आजोबा ज्वारीची भाकर खाऊन नव्वद वर्षं जगले! अहो, तुमचे आजोबा जगले म्हणून तुम्ही त्यांची गोष्ट सांगायलात, त्यांची जी भावंडं लहानपणी गेली त्यांची गोष्ट सांगायला कोण आहे? माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, आम्ही अकरा भावंडं, जगलो पाच. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. बत्तीसचा अर्थ सगळे बत्तिसाव्या वर्षी मरायचे असा नाही. लेकरं ढिगानं जायची म्हणून सरासरी खाली यायची, जी वाचायची ती म्हातारीही व्हायची.

ती लेकरं ज्यानं जायची ती कारणं यादीतून खाली गेली हे आपण विसरूनच गेलोय. देवीचा रोग घ्या. अजूनही एखाद्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर ते खड्डे दिसतात, तो माणूस त्यातून वाचलेला. विसाव्या शतकात जगात अंदाजे ३० कोटी माणसं देवीनं गेली. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, १९८० मध्ये रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं आणि आज यादीत त्या ओळीला शून्य. किंवा हगवण. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाईकांनाच पाजायला सांगितलं. शंभरातले तीस दगावायचे ते चारच्याही खाली आले. आज मेडिकलवर काही रुपयांत जे ओआरएसचं पाकीट भेटतं ते हेच. जगात हगवणीनं २००० मध्ये २६ लाख माणसं गेली, २०१९ मध्ये १५ लाख. मोठ्या मशीनमुळं नाही, मीठ, साखर, चांगलं पाणी आणि संडास ह्यामुळं.

मग जी लेकरं हगवणीनं, देवीनं, गोवरानं गेली नाहीत ती मोठी झाली, साठीला आली, आणि आता त्यांना बीपी-शुगर गाठतंय. मरायचं तर सगळ्यांनाच आहे, एका कारणाचा वाटा कमी झाला की दुसऱ्याचा वाढणारच. म्हणून हृदयविकाराचे मृत्यू वाढले ह्याचा थोडा अर्थ असाही आहे की आपण हृदयविकार होण्याच्या वयापर्यंत पोचायलोय. थोडाच हां. कारण आपल्याकडं हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा पाच-दहा वर्षं आधी गाठतो, पंचेचाळिशीतला कमावता माणूस जातो, त्याला वय झालं कसं म्हणायचं.

वयाचा हा घोळ नीट समजून घ्यायला आपल्या गावांपेक्षा चांगलं उदाहरण नाही. आमच्या भागातली निम्मी पोरं पुण्याला, चाकणला कंपनीत. गावात उरले आई-बाप. आता हजारी मृत्यू काढले तर गावात ढीगभर निघतील आणि चाकणच्या ज्या खोल्यांत सहा-सहा पोरं राहतात तिथं जवळपास शून्य. म्हणून काय चाकणची हवा गावापेक्षा चांगली म्हणायची का? तिथं मरायच्या वयाची माणसंच नाहीत. म्हणून अभ्यास करणारे लोक दोन जागांची तुलना करताना आधी वयाचा फरक काढून टाकतात, म्हणजे समजा दोन्हीकडं तरुण-म्हातारे सारख्याच प्रमाणात असते तर काय झालं असतं, असा हिशोब करतात. हे केलं नाही तर काय गंमत होते बघा, जपानमध्ये हजारामागं मृत्यू भारतापेक्षा जास्त आहेत, आणि जपानी माणूस सरासरी ८४ वर्षं जगतो. व्हॉट्सॲपवर "अमुक देशात मृत्यूदर एवढा" असं आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, वय धरून का न धरता?

यादीतल्या सगळ्यांवर लिहीत बसलो तर संपायचं नाही, पण दोन-तीन ओळखीच्या गोष्टी सांगतो कारण त्या आपल्या घरातल्याच आहेत, फक्त आपण त्यांना वेगळ्या नावानं हाक मारतो.

स्ट्रोकला आपल्याकडं "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. फार चित्रासारखा शब्द आहे, एका बाजूनं काहीतरी फिरून गेलं आणि हातपाय लुळे. पण वारं म्हणलं की लोक मग वाऱ्यावरचाच उपाय करतात, तेल चोळतात, झाडपाला देणाऱ्याकडं नेतात. खरं काय होतं, तर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बुजते नाहीतर फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याच्याआधी सीटी स्कॅन करून फुटलेली नाही ना ते बघावं लागतं. म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळायलंय असं दिसलं की घड्याळात बघायचं आणि सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठायचा, जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून दोन तास घालवायचे नाहीत. माझ्या चुलत्याला आम्ही असंच सकाळपर्यंत थांबवलं होतं. रात्रीचं कुठं नेता म्हणले. ते वाचले, पण उजवा हात गेला तो गेलाच.

धापेचा आजार म्हणलं की बिडीवाले म्हातारे डोळ्यांपुढं येतात, ते खरंच आहे, पण आमच्या आजीनं आयुष्यात बिडीला हात लावला नाही आणि शेवटची सहा वर्षं ती बाजेवर बसून झोपायची, आडवं झालं की दम लागायचा. पन्नास वर्षं चूल. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, फुंकणीनं फुंकून फुंकून सगळा धूर आत. घरातल्या चुलीच्या धुरानं जगात वर्षाला ३० लाखाच्या आसपास माणसं जातात असा अंदाज आहे, त्यात बायका आणि लेकरंच सगळ्यात जास्त त्या धुरात असतात. उज्ज्वला योजनेचा सिलेंडर २०१६ पासून आला, आमच्या गल्लीत घरोघर आहे, पण पाणी तापवायला अजून चूलच, कारण सिलेंडर महाग पडतो. आजीच्या नोंदीत काय लिहिलं होतं माहितेय? वृद्धापकाळ.

आणि स्मृतिभ्रंश, ज्याला आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो. त्यानं जाणाऱ्यांत दर तिघांत दोन बायका आहेत. आपल्या नोंदीत तो जवळपास दिसतच नाही, कारण त्याला आजार म्हणून कोणी धरतच नाही.

किडनीचं काकूंमुळं मला जास्तच लागतं. २००० मध्ये जगाच्या यादीत किडनीचे आजार १९ व्या नंबरला होते, २०२१ मध्ये नवव्या. एवढ्या उड्या फार कमी आजारांनी मारल्या. मधुमेह आणि बीपी ही दोन मोठी कारणं, आणि गुडघे दुखायलेत म्हणून मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं रोज खाणं हेही एक आहेच. मधुमेहाच्या आकड्यातही एक मेख आहे. त्याच्या नावावर १६ लाख मृत्यू दिसतात, पण त्याच्यामुळं किडनी जाऊन मेलेले आणखी ५ लाख ३० हजार किडनीच्या खात्यावर जमा होतात, आणि हृदयविकार-स्ट्रोकच्या मृत्यूंतही शंभरातले अकरा वाढलेल्या साखरेमुळं होतात.

म्हणजे कारणाच्या मागं कारण असतंच. तंबाखूनं वर्षाला जगात ७० लाखाच्या वर माणसं मरतात, पण मूळ कारण म्हणून "तंबाखू" मोजलेला तुम्हाला सापडणार नाही, तिथं कॅन्सर असतो, हृदयविकार असतो. बीपीचंही तसंच, त्याच्यामुळं होणारे मृत्यू कोटीच्या घरात आहेत आणि बीपी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नाही. दुखत नाही ना. दाढ दुखली असती तर गेलो असतो. डॉक्टर ह्यांना जोखमीची कारणं म्हणतात आणि त्यांची यादी वेगळी असते, दोन याद्यांची बेरीज करायची नसते नाहीतर एकच माणूस दोनदा मरतो.

आता खरी अडचण. हे सगळे आकडे येतात कुठून? भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचातल्या एकाचं कारण डॉक्टरनं लिहून दिलेलं असतं. बाकी सगळे गावात, घरात, शेतात. मग काय करतात, तर निवडक गावांत प्रशिक्षण दिलेली माणसं घरोघर जाऊन शांतपणे विचारतात, किती दिवस ताप होता, दम लागायचा का, सूज कुठं होती, छातीत कसं दुखलं, आणि ते उत्तर डॉक्टरांना वाचायला देऊन कारण ठरवतात. म्हणजे लिंबाखाली आम्ही जे करायलो होतो तेच, फक्त पद्धतशीर. ह्या घरोघरच्या चौकशीतूनच कळलं की भारतात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशानं बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली साधारण निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. दवाखान्यांचे आकडे ह्याच्या आसपासही नव्हते, कारण बरीच माणसं दवाखान्यात पोचलीच नव्हती. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूण धड दिसत नाही. सकाळी माणूस उठत नाही. गाव म्हणतं झोपेतच गेला, पुण्यवान होता. रजिस्टरला जातं, हृदयविकार. सापाचा खून काळजाच्या नावावर.

कोविडचं तर सगळ्यांना आठवत असेल. २०२१ संपेपर्यंत सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं दोन वर्षांत नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली ह्यावरून अंदाज काढला तो ४७ लाखांचा. सरकारनं ती पद्धतच मान्य केली नाही, वाद झाला. माझं मत विचाराल तर नोंद धड असती तर वादाला जागाच राहिली नसती.

आत्महत्येवर लिहू का नको असं चाललं होतं, पण मराठवाड्यातून लिहायचं आणि हे गाळायचं बरं नाही. जगात वर्षाला सात लाखाच्या वर माणसं असं आयुष्य संपवतात. भारतात २०२२ मध्ये १ लाख ७० हजार ९२४, त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११ हजार २९०. पण त्याच यादीत रोजंदारीवाले चारातला एक आणि गृहिणी शंभरातल्या पंधरा आहेत. त्यांच्यावर मोर्चे निघत नाहीत. ह्यातही काही करता येतं, श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली तर वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी झालं. शेती तीच, कर्ज तेच, पण त्या एका वाईट घटकेला हाताशी जहाल काही नव्हतं आणि ती घटका टळली. घरात कोणी गप्प गप्प असेल, नाहीतर स्वतःलाच तसं वाटायलं असेल, तर १४४१६ हा सरकारी फोन आहे, टेलिमानस म्हणतात त्याला, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

टीबी तेवढा राहिला. रॉबर्ट कोख ह्यांनी जंतू शोधला १८८२ मध्ये, औषधं येऊन सत्तर वर्षं होऊन गेली, साध्या टीबीला साधारण सहा महिन्यांचा कोर्स आणि तोही सरकारी दवाखान्यात फुकट. तरी २०२३ मध्ये साडेबारा लाख माणसं गेली आणि जगातले चारातले एक रुग्ण एकट्या भारतात. ह्याच्यावर मला काही हुशारीचं बोलता येत नाही, रागच येतो.

तर काकूंचं पुढं काय झालं. मावसभावानं काकूंना बघणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी दोन दिवसांनी कागद भरून दिला. वर फुफ्फुसात पाणी, मधे किडनी निकामी, तळाला मधुमेह. रजिस्टरला मधुमेह चढला. जगाच्या १६ लाखांसारख्या एखाद्या आकड्यात आमच्या काकू कुठंतरी आहेत.

तेराव्यानंतर धाकटा ग्रामपंचायतीत आला. मृत्यू प्रमाणपत्राच्या पाच कॉपी पाहिजे होत्या. बँकेला एक, तलाठ्याकडं वारस नोंदीला एक, रेशन कार्डातून नाव कमी करायला एक, विम्याला एक, एक जवळ राहू द्यावी म्हणून. उभ्या उभ्या त्यानं ती वाचली, पालथी करून मागं बघितली.

"दादा, ह्याच्यावर कारण नाही का लिहीत?"

"नसतं रे. कायद्यानंच नसतं. कारण रजिस्टरला असतं आतमधी, ह्याच्यावर नाव, तारीख, ठिकाण एवढंच."

"मग तिकडं काय लिवलं?"

"शुगर."

त्यानं पाचही कॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवीची घडी केली, पुन्हा उघडली.

"वढ्याचं लिवलं का कुठं?"

मावसभाऊ रजिस्टर मिटत म्हणला, "त्याला रकाना नाही रे."